रामनगरच्या वर, जिथे काहीच दिसत नाही

इकडे ये, रेवा. अशी जवळ बस. दारात उभं राहून, एका पायात चप्पल घालत बोलायची तुझी सवय आज चालायची नाही. मला तुझ्यावर रागवायचंय, आणि लांबून रागवलं की माझा घसा दुखतो.

मला सांग, ही कुठली रीत गं तुझी? सगळ्या मुलखातून माणसं मरायला काशीला येतात. म्हातारपणी घरदार सोडून इथे खोली घेऊन राहतात आणि एकदा राहिली की वेशीबाहेर पाऊल टाकत नाहीत. न जाणो, नेमकं बाहेर असतानाच बोलावणं आलं तर! आणि तू? तू काशीत राहत होतीस, माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहत होतीस, मुन्शी घाटाचं पाणी तुझ्या खिडकीतून दिसत होतं. आणि तू इथून उठून मरायला पुण्याला गेलीस. असं उलटं कुणी करतं का? आपल्या गलीतला कचौडीवालासुद्धा मला म्हणाला, "माई, ऐसा तो हमने पहली बार सुना."

आपल्या मराठी मंडळाच्या लोकांनी सांगितलं, अंकासाठी रेवावर काहीतरी लिहा. जन्म कुठला, शिक्षण काय, पदव्या कोणत्या, सगळं घाला. मी म्हटलं, ते तिचे सर लिहितील. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली बाई, तीही हिंदी शाळेत. मराठी वाचायला शिकले ती घरातल्या पोथ्यांवर आणि यात्रेकरू धर्मशाळेत टाकून गेलेल्या मासिकांवर. मला पदव्यांतलं काय कळणार? मला आपलं एवढं कळतं की तू पोह्यांतले दाणे आधी वेचून खायचीस, आणि बोलता बोलता चहा गार करून मग तो गार झाला म्हणून चहालाच बोलायचीस. तेव्हा मी बोलते तशी लिहिणार आहे, आणि तुझ्याशीच बोलणार आहे. वाचणाऱ्यांनी बाजूला बसून ऐकावं.

तू खोली बघायला आलीस तो दिवस आठवतो? बाकी भाडेकरू आधी नळ सोडून बघतात, संडास कुठे ते विचारतात. तू विचारलंस, "छतावर जाता येतं का?" मी घाबरले. म्हटलं, पतंगवाली आहे की काय! मग कळलं, तू विद्यापीठात ताऱ्यांवर काम करतेस. मी मनात म्हटलं, बरं झालं, रात्रभर छतावर दुर्बीण लावून बसेल, घराला राखण होईल. कसलं काय! तू दिवसा लॅपटॉपसमोर बसायचीस आणि रात्री घोरायचीस.

"अगं, पण दुर्बीण कुठाय तुझी?" मी विचारलं.

"दक्षिणेकडच्या एका देशात, डोंगरावर आहे. तिथून चित्रं येतात."

"म्हणजे तू डोळा लावतच नाहीस?"

"मावशी, ज्या दुर्बिणीवर माझं पोट चालतं ती मी अजून पाहिलेलीसुद्धा नाही."

मग मी आठवडाभर सगळ्या गलीला सांगत सुटले, की आमची भाडेकरीण न बघता तारे बघते.

किती हसवलंस गं त्या दिवसांत. माझ्या मराठीला तर तू काय काय नावं ठेवलीस. म्हणायचीस, मावशींची मराठी म्हणजे बनारसी शालूचं नऊवारी लुगडं. मी 'तबियत' म्हटलं की तू 'प्रकृती' म्हणायचीस, आणि वर्षाच्या आत तूच फोनवर भावाला सांगत होतीस, "माझी तबियत ठीक आहे, परेशान होऊ नकोस." मी जिन्यात उभी राहून ऐकलं होतं. तेव्हा हसले होते. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

मी दुपारी फुरसतीत वर यायचे, कधी पन्हं घेऊन, कधी नुसतीच. तू खुर्ची सरकवून मला पडद्यासमोर बसवायचीस. काळ्या पडद्यावर साखर सांडल्यासारखे ठिपके, कडेला विरळ आणि मधे इतके दाट की रव्याचा लाडू दाबून बसवलाय असं वाटायचं. तू सांगितलंस, हा तारकागुच्छ आहे. आपल्या आकाशगंगेभोवती एक छोटी दीर्घिका घुटमळत असते, तिला बटू दीर्घिका म्हणतात, तिच्यातला हा गुच्छ. मी विचारलं, बटू का, मुंज झाली का तिची? तू पन्हं सांडलंस हसता हसता. ते डाग टेबलावर अजून आहेत.

त्या गुच्छात तू रूपविकारी तारे शोधत होतीस. मला तो शब्दच आवडला नाही, कुणाला शिवी दिल्यासारखा. तू समजावलंस की विकार म्हणजे बदल. हे तारे पुरीसारखे फुगतात आणि बसतात, आणि त्याबरोबर त्यांचा उजेड कमीजास्त होतो. साधारण अर्ध्या दिवसात एक फेरा. उजळतात ते घाईने, मंदावतात सावकाश. फार म्हातारे तारे, पण श्वास चालू आहे. आणि त्यांचा उपयोग काय? तर त्यांचा खरा उजेड किती ते ठाऊक असतं, म्हणून ते केवढे अंधुक दिसतात त्यावरून ती दीर्घिका किती लांब ते काढता येतं. मला एवढं कळेना. मग कार्तिकात तू मला घाटावर नेलंस आणि बांबूवर चढवलेले आकाशदीप दाखवलेस. "करंडी सारखी, वात सारखी, तेल सारखं. मग तो पलीकडचा दिवा बारीक का दिसतो?" "लांब आहे म्हणून," मी म्हटलं. "झालं, तुम्ही माझा अर्धा प्रबंध लिहिलात," तू म्हणालीस. मी आयुष्यभर ते दिवे बघत आले, गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून लावतात एवढंच मला माहीत. त्यांनी अंतर मोजता येतं हे तुझ्याकडून कळलं.

मी एकदा फार मोठा शोधही लावला होता. तू दोन रात्रींची चित्रं आलटूनपालटून दाखवत होतीस. ज्याचा उजेड बदलतो तो ठिपका लुकलुकतो. मी ओरडले, "हा बघ, हा! केवढा लुकलुकला!" तू वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, "मावशी, हा तारा नाही, अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळलेला एक कण आहे. कालच्या रात्री एकदाच." मी म्हटलं, तरी पण आला होता की नाही? तू म्हणालीस, "आला होता. आपण त्याला पुसून टाकतो."

त्या साखरेत तुझा एक लाडका होता. त्याचं नाव तू मौनीबाबा ठेवलं होतंस. रंग त्या फुगणाऱ्या ताऱ्यांचा, बसलेला त्यांच्याच पंगतीत, पण उजेड बदलायचं नाव नाही. जेव्हा बघावं तेव्हा तेवढाच. तुझे सर म्हणायचे, तो एक तारा नसेलच; एक लाल आणि एक निळा असे दोन एकमेकांना चिकटून दिसत असतील, गर्दीत वेगळे काढता येत नाहीत, म्हणून मधलाच रंग दिसतो. तू म्हणायचीस, नाही, तो एकच आहे आणि बदलतो. आपण बघतो ती वेळ चुकते. यावरून तू त्यांच्याशी वर्षभर भांडलीस आणि रोज येऊन ते भांडण मला वाढायचीस.

"वेळ कशी चुकेल?" मी विचारलं. "दुर्बीण तर रोज बघते."

"रोज बघते, तेच चुकतं," तू म्हणालीस, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर दिलंस.

मी अंघोळीला उतरते तेव्हा रामजतनची नाव पायरीजवळच्या खुंट्याला बांधलेली असते. मी कितीतरी दिवस म्हणत होते, हा रामजतन नुसता आळशी, नाव कधी सोडतच नाही. तू मला तिथेच पायरीवर थांबवलंस. त्याला हाक मारून विचारलंस, "भैया, दिनभर में कितनी बार रामनगर जाते हो?" तो म्हणाला, मोजतंय कोण, गिऱ्हाईक मिळालं की गेलो: "गिनती के करी दीदी, सवारी मिलल त गइलीं." मग तू माझ्याकडे वळलीस. "बघा मावशी. नाव दिवसभर ये-जा करते. पण तुम्ही रोज त्याच वेळेला येता, आणि त्या वेळेला ती नेमकी इथे असते. तुम्हाला वाटतं, ती हललीच नाही. माझा मौनीबाबा असाच आहे. ती दीर्घिका रोज रात्री त्याच वेळी वर येते, दुर्बीण रोज त्याच वेळी बघते, आणि त्याचा फेरा जर नेमका अर्ध्या दिवसाचा असेल तर तो रोज आपल्याला एकाच रूपात भेटणार. त्याचं बाकीचं सगळं आपल्या पाठीमागे होतं."

"मग काय करायचं?"

"दुसऱ्या देशातल्या दुर्बिणीने बघायचं. जिथे वेळ वेगळी असते. अवेळी बघायचं."

रामजतन ऐकत होता. मला म्हणाला, "माई, अब त आलसी ना कहबू?"

दुसऱ्या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून तू अर्ज केलास. नाही म्हणाले. परत केलास. परत नाही म्हणाले. एका ताऱ्यासाठी कोण वेळ देतं? त्या दिवशी तू जेवली नाहीस. मी वरणभात घेऊन वर आले तर तू खिडकीत बसली होतीस, पोट धरून. मी म्हटलं, रागाने पोट दुखतं. तू म्हणालीस, "हो, रागानेच."

पुढचं मला नाही लिहायचं. डॉक्टर, तपासण्या, ते सगळं तुझ्या भावाला माहीत. मला ठाऊक आहे ते आपलं भांडण. तू सांगितलंस, पुण्याला भावाकडे, निखिलकडे जाते, तिथे उपचार चांगले. मी म्हटलं, उपचार इथेही आहेत, आणि मी आहे. तू म्हणालीस, "मावशी, तुमचे गुडघे. किती वेळा हा जिना चढाल?" मी म्हटलं, खाली राहा, माझ्या खोलीत, मी वर जाते. तू म्हणालीस, "मग मी हाक मारली की परत खालीच याल ना?" मग मी ते बोलले, जे काशीतली कुठलीही म्हातारी बोलली असती: अगं, इथे काही झालं तर निदान मुक्ती तरी आहे. तू म्हणालीस, "मावशी, मुक्ती कुणाला हवीय? मला मौनीबाबा हवाय." आणि मग चप्पल घालत, दारात उभी राहून, "येते दोन महिन्यांत. खोली कुणाला देऊ नका."

नाही दिली. कुलूपसुद्धा लावलं नाही.

मग तुझे फोन सुरू झाले. रोज सकाळी आठला, तोंड दिसणारे. मी अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून बसलेली असायचे. शेजारच्या सुनेने फोन डब्याला टेकवून ठेवायला शिकवलं होतं. तू खिडकीजवळ बसलेली, केस विंचरलेले, कानात ते मोत्याचे खडे. चेहरा उतरलेला, हो, पण हसरा. "काय केलंत आज?" "रामजतन काय म्हणतो?" "गंगा किती चढली?" मी तुला फोनमधून भाजी दाखवायचे. तू पोह्यांची फर्माईश करायचीस. पाऊस गेला, दिवाळी गेली, थंडी गेली. रोज आठला तू तेवढीच होतीस. कधी थोडी कमी नाही, कधी थोडी जास्त नाही. मी गलीत सांगायचे, रेवा ठीक आहे, तबियत जशीच्या तशी आहे, बिघडलेली नाही. देवाला साखर ठेवायचे.

एकदा दुपारी मला राहवलं नाही म्हणून मी आपणहून फोन लावला. निखिलने उचलला. "ताई झोपलीय, मावशी." मागे कुणीतरी कण्हत होतं. मी म्हटलं, घरात कुणी आजारी आहे का? तो थांबला आणि म्हणाला, "टीव्ही आहे." दुसऱ्या दिवशी आठला तू मला म्हणालीस, "दुपारी नका करत जाऊ, माझी झोपायची वेळ. आपली आठचीच बरी." मी म्हटलं, बरं. त्या चित्रातला, एकाच रात्री दिसलेला तो ठिपका आठव. मी पण पुसून टाकला.

शेवटच्या फोनवर तू फार बोलली नाहीस. मीच बोलत होते, वैशाखाचं ऊन, पाणी किती खाली गेलंय, वाळू किती वर आलीय. तू मधेच म्हणालीस, "मावशी, माझ्या खिडकीतून दाखवा ना." मी फोन हातात घेऊन जिना चढले. मला धाप लागली ती तुला ऐकू आली असणार, कारण तू म्हणालीस, "सावकाश." खिडकीतून पाणी दाखवलं, पलीकडची वाळू, वरच्या अंगाला रामनगर. तू बघत होतीस. मला वाटलं, फोन अडकला. तू इतकी स्थिर. मग म्हणालीस, "छान आहे." एवढंच. मला तेव्हा म्हणायचं होतं, ये ना आता घरी, पुरे झाले उपचार. पण ओठांवर आलं ते, "पोहे करून ठेवीन." दुसऱ्या दिवशी आठ वाजले, साडेआठ वाजले, मी फोन डब्याला टेकवून बसले होते. नऊला आला तो निखिलचा आवाज.

तो अस्थी घेऊन आला. पुण्याचा पोरगा, आपल्या उन्हाची सवय नाही, लू लागून चेहरा लाल. मी त्याला पन्हं दिलं, तू सांडायचीस तेच. पुरोहित म्हणाले, पहाटेच निघा. मी म्हटलं, नाही, भर दुपारी जाऊ. ते मला वेडी समजले. पण मला तुझंच सांगणं आठवत होतं. मागे एका मार्गशीर्षात, आरतीच्या घंटा थांबल्यावर, तू शाल पांघरून मला छतावर नेलं होतंस आणि रामनगरच्या वर बोट दाखवलं होतंस: "तिथे आहे माझी दीर्घिका." मी डोळे फाडून बघितलं. पुलाचे दिवे, धूर, दोन-चार तारे. "काहीच दिसत नाही गं." "नाहीच दिसत. साध्या डोळ्यांना दिसणारच नाही. पण तिथेच आहे." मग तूच सांगितलंस की वैशाखात ती सूर्याच्या सोबतीने निघते, दिवसभर आभाळात असते आणि कुणालाच दिसत नाही, कुठल्याच दुर्बिणीला, ते दिवस तुम्हा लोकांच्या सुट्टीचे. म्हणून दुपारी. निदान ती तरी वर असावी, असं मला वाटलं.

रामजतनने नाव खुंट्यावरून सोडली. एरवी रोज विचारायचा, "बिटिया कब अइहें, माई?" आज त्याने सरळ वल्हं उचललं. मधल्या धारेत निखिलने कलश मांडीवर धरला. मी त्याला रामनगरकडे दाखवून सांगितलं, "आत्ता तिची दीर्घिका तिथे आहे." त्याने वर पाहिलं. पांढरं फटक आभाळ. आणि तो रडायला लागला.

"मावशी, एक सांगू? ताईने शपथ घातली होती."

"मग मोडू नकोस."

"आता मोडून काय व्हायचंय?"

"सांग तर."

"कळ थांबवायचं औषध ती सकाळी साडेसातला घ्यायची. तुमच्या फोनसाठी. ते घेतलं की लगेच तरतरी यायची, बसता यायचं. मी केस विंचरायचो, कानात खडे घालायचो. तासभर बरी असायची. मग दिवसभर हळूहळू उतरत जायची. दुपारनंतर तर... आम्हालाच बघवायचं नाही. मी कितीदा म्हटलं, मावशींना बोलावून घेऊ. तर म्हणायची, त्यांना खुंट्याला बांधलेली नाव दिसतेय, तेवढीच दिसू दे." त्याने डोळे पुसले. "याचा अर्थ काय, मला कधी कळला नाही. तुम्हाला कळतो का?"

मला कळला, रेवा. वल्ही मारता मारता रामजतनलाही कळला असेल, कारण त्याचा हात थांबला.

आता सांग, मी रागवू नको तर काय करू? ज्या चुकीसाठी तू सरांशी वर्षभर भांडलीस, ज्या चुकीपासून तो एक तारा वाचवावा म्हणून जेवण सोडलंस, तीच चूक तू माझ्या पदरात बांधलीस, हिशेबाने, रोज सकाळी. मला शिकवलंस तूच आणि फसवलंस तूच. घाईने उजळायचं, सावकाश मंदावायचं, आणि मंदावणं पुण्याच्या त्या खोलीत. माझ्या वाटणीला नुसता उजेड. मी मागितला होता का तेवढाच? मला तुझं कण्हणं चाललं असतं. मी माझ्या माणसाचं कण्हणं दोन वर्षं ऐकलंय, मला सवय आहे. मी तुझे पाय चेपले असते. तू चिडून भांडं फेकलं असतंस तर मी ते उचलून ठेवलं असतं. हे सगळं माझं होतं आणि तू ते मला दिलं नाहीस.

आणि मग रागवता रागवता मला दिसतो तो साडेसातचा निखिल, बहिणीच्या कानात खडे घालणारा, आणि ती तू, दिवसभरातला एकच बरा तास, आणि तो भाजी बघण्यात घालवणारी. एकुलता एक तास गं. तो तू मला दिलास. इतकं कुणी कुणाला देतं? माझ्या पोटच्या कुणी दिलं नसतं, असतं तर. म्हणून मला धड रागावताही येत नाही.

तुझे सर परवा भेटायला आले होते. चांगले आहेत. खाली बसले, चहा घेतला. मी विचारलं, मौनीबाबाचं काय? आधी त्यांना कळेना. मग म्हणाले, "अच्छा, तो. बघा, तो गुच्छाच्या अगदी दाट भागात आहे. त्याच्यासाठी कुणी वेळ देईल असं मला वाटत नाही. रेवाचं म्हणणं बरोबर असेल, माझंही बरोबर असेल." मी विचारलं, मग कळणार कधी? ते म्हणाले, "कदाचित नाही कळणार." कप खाली ठेवला आणि गेले. खोटं बोलले नाहीत, ते बरं केलं. पण मला वाटलं होतं, निदान तो एक तारा तरी तुझा ठरेल. तोही नाही.

आपला दुसरा वाद आठवतो? मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की आपण बघतो ते तारे कधीच मेलेले असतात, फक्त उजेड उरलेला असतो. मला ते फार आवडलं होतं. माणूस गेलं तरी उजेड येत राहतो, असं मी कीर्तनात सांगावं तसं सगळ्यांना सांगायचे. तू नाक मुरडलंस. "मावशी, हे तारे अब्जावधी वर्षांचे. त्यांचा उजेड इथवर यायला काही लाख वर्षं लागतात, ते त्यांच्या हिशेबात काहीच नाही. ते मेलेले नाहीत, जागेवरच आहेत. बघणारेच मरतात." मी म्हटलं, काय ही मुलगी, सुखाने एक गोष्टसुद्धा मानू देत नाही. आता कळतं, तुझंच खरं होतं. मौनीबाबा आहे तिथे आहे, बोलत असेल नाहीतर गप्प असेल, त्याला काही फरक पडलेला नाही. तुझी खुर्ची रिकामी आहे.

लोक मला धीर द्यायला येतात. गंगेत अस्थी गेल्या, म्हणजे काशी मिळालीच म्हणतात. मी हो म्हणते. रात्रंदिवस ऐकत आलेय हे, शिंदे घाटापासून इथवर सगळे हेच सांगतात, आणि मीही कितीजणांना सांगितलंय. पण तुझ्या बाबतीत ते तोंडात फिरतं नुसतं, गिळलं जात नाही. तुला मुक्ती नको होती, तुला वेळ हवा होता. तोही दुर्बिणीवरचा. तेवढाही मिळाला नाही.

कार्तिकात मी तुझ्या नावाचा आकाशदीप लावीन. मला माहीत आहे तू काय म्हणशील; आधीच म्हणून ठेवलंयस. "मावशी, तिथून बघितलं तर तुमचा दिवा राहू द्या, सूर्यसुद्धा दिसायचा नाही." नाही तर नाही. रामजतनने आत्तापासूनच चांगला उंच बांबू बघून ठेवलाय. मी त्याला विचारलं, एवढा उंच कशाला? म्हणाला, "दीदी दूर गइल हईं न."

सकाळी मी अजून आठला बसते. फोन डब्याला टेकवत नाही, तेवढं कळतं मला. नुसती बसते. मग आता मी एक केलंय, तुझंच ऐकून. घाटावर रोजच्या वेळेला जायचं सोडलं. कधी अकराला जाते, कधी उन्हं उतरल्यावर. खुंटा मोकळा असतो, नाव पार रामनगरच्या काठाला, बोटभर. कधी मधल्या धारेत, माणसांनी वाकलेली. एकदा तर ती पालथी घालून रामजतन तिला डांबर लावत होता. खालून सगळी फळ्याफळ्यांची, जागोजागी ठिगळं. इतक्या वर्षांत मी ती खालची बाजू पाहिलीच नव्हती. उभी राहून बघत होते किती वेळ. त्याने विचारलं, "का देखत हऊ माई?"

तेव्हा रेवा, आता ऐक. पुरे झालं ते चप्पल घालणं. खोली तशीच आहे, टेबलावर पन्ह्याचे डाग आहेत, जिन्यातला दिवा बदलून घेतलाय. तू येणार नाहीस हे मला कुणी सांगायला नको. तरी एकदा येऊन जा गं, आणि जरा लवकर ये, माझे गुडघे आता फार दिवस जिना चढायचे नाहीत. फक्त आठला येऊ नकोस. दुपारी ये, तिन्हीसांजेला ये, मध्येच कधीतरी ये. केस विंचरू नकोस, कानात काही घालू नकोस. कळ उठलेली असेल, बोलवत नसेल, चेहरा ओळखू येत नसेल, तेव्हाच ये.